ताटी कोणी उघडावी?

पंढरीच्या वाटेवर वारकरी वारकऱ्याला भेटला की आधी पायांवर डोके ठेवतो आणि मग नावगाव विचारतो. ते पाय शेताच्या मालकाचे की त्याच शेतात कापूस वेचणाऱ्या मजुराचे, याची चौकशी तिथे कोणी करीत नाही. आपल्या संप्रदायाची ही रीत मोठी गोड आहे. बाहेरचे लोक ती पाहून थक्क होतात आणि आपल्यालाही तिचा अभिमान वाटतो. तो वाटावा असाच आहे.

परंतु आज आम्हांला वारकरी बंधुभगिनींपुढे जो प्रश्न ठेवावयाचा आहे, तो वारीतला नाही. वारीहून घरी आल्यानंतरचा आहे. काला झाला, प्रसाद घेतला, एस.टी.ने जळगावला किंवा धुळ्याला येऊन उतरलो, तुळशीला पाणी घातले. दुसऱ्या दिवशी कोणी शिकणारा मुलगा खोली भाड्याने मागायला दारात आला. आपला पहिला प्रश्न, "आडनाव काय?" आडनावावरून उमगले नाही तर, "गाव कोणते?" गावावरूनही उमगले नाही तर, "तसे नव्हे हो, मूळचे तुम्ही कोण?" मग "घरात विचारून सांगतो" असे म्हणून त्याला वाटेला लावायचे. पंढरीच्या वाटेवर जो प्रश्न महिनाभर ओठांवर आला नाही, तो घरच्या उंबऱ्यावर पहिल्या घटकेला आला. तर मग तो प्रश्न आपण विसरलो होतो, की नुसता गाठोड्यात बांधून ठेवला होता?

वारीतही तो सर्वस्वी सुटतो असे मानू नये. इरावतीबाई कर्वे पंढरीला पायी चालत गेल्या आणि त्या वाटचालीवर त्यांनी लेख लिहिला. एकाच दिंडीत एकाच विठ्ठलाचे नाव घेणाऱ्या बायांच्या जेवणाच्या पंक्ती जातीप्रमाणे वेगळ्या बसतात, याची खंत त्यांनी त्यात नोंदविली. भजन एक आणि भाजी-भाकरी निराळी! पंक्तींचे ते दिवस बरेच पालटले, ही आनंदाची गोष्ट आहे. तरी मूळ रोग गेला की नाही, हे नाडी पाहूनच ठरवावे लागेल.

रंगाची उतरंड

डोळ्याला भेद दिसतो यात पाप नाही. डोळा आहे म्हणजे गोरा गोरा दिसणार, काळा काळा दिसणार. कान आहे म्हणजे अहिराणी निराळी आणि पुणेरी बोली निराळी ऐकू येणार. पाप सुरू होते ते दिसलेल्या भेदाची उतरंड रचली म्हणजे. जुन्या घरातली उतरंड आठवा. सर्वांत मोठे मडके सर्वांत खाली. सगळा भार तेच वाहते, आणि आपला हात मात्र वरच्या मडक्याकडे आधी जातो.

रंगाचीच गोष्ट घ्या. आपले दैवत काळ्या पाषाणाचे. नाव पांडुरंग, म्हणजे पांढऱ्या वर्णाचा. आणि मूर्ती काळी. संतांना त्यात काही विपरीत वाटले नाही. सावळेपणावर त्यांनी जितके प्रेम केले तितके दुसऱ्या कशावर क्वचितच केले असेल. कपाळी आपण लावतो तो बुक्काही काळा. आपल्या खान्देशची कपाशी पिकविणारी जमीन काळी, आणि तिला आपण काळी आई म्हणतो. मृगाचे आभाळ काळे होऊन आले म्हणजे शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते, ते आनंदाचे. देव काळा चालतो, माती काळी लागते, ढग तर काळाच हवा. आणि सून मात्र गोरी पाहिजे!

अहो, वर्तमानपत्रातल्या स्थळांच्या जाहिराती वाचा. "गोरी, सुंदर, सुस्वरूप." जिचा रंग सावळा तिच्या बापाने "निमगोरी" लिहायचे, फोटो उजेडात काढायचा आणि देण्याघेण्याच्या गोष्टी निघाल्या म्हणजे खाली मान घालून दोन पैसे अधिक कबूल करायचे. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात जी शेतात राबली तिचा रंग रापणार नाही तर काय होईल? ज्या कष्टाने घर उभे राहिले त्याच कष्टाचा डाग म्हणून तिच्या कातडीकडे बोट दाखवायचे, हा न्याय कोणत्या शास्त्रातला? अहिराणीत काळ्याला काया म्हणतात. मराठीत काया म्हणजे देह. देहालाच काळे म्हणणारी ही आपल्या मायबोलीची सहज झालेली गंमत आहे. पण तीच "काया, काया" हाक चिडवण्यासाठी गल्लीत एखाद्या पोरीच्या मागे लागली, की तिला आरशासमोर उभे राहणे नकोसे होते.

रंग उजळविण्याच्या मलमाचा धंदा आपल्या देशात मोठा. "फेअर अँड लव्हली" नावाचे मलम १९७५ साली बाजारात आले आणि खेड्यापाड्यांच्या दुकानांपर्यंत पोचले. पुढे २५ मे २०२० रोजी अमेरिकेत मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड नावाचा कृष्णवर्णी माणूस पोलिसाच्या गुडघ्याखाली गुदमरून मेला आणि जगभर संताप उसळला. त्यानंतर महिनाभरात कंपनीने त्या मलमाच्या नावातला गोरेपणा काढण्याचे जाहीर केले. ते "ग्लो अँड लव्हली" झाले. आम्हांस याची लाज वाटते. शेकडो वर्षे आपण सावळ्याची भजने म्हणत आलो, आणि आपल्या दुकानातली एक डबी आपले नाव बदलती झाली ती मात्र सातासमुद्रापलीकडच्या एका मरणाने. आणि नाव बदलले म्हणून मन बदलले, असे थोडेच आहे!

ज्याला हिणवले, तोच हिणवतो

उतरंडीचा दुसरा धर्म असा की, तळाचे मडके सोडले तर प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असते. आपल्या भागातला मुलगा पुण्यामुंबईला शिकायला जातो. त्याच्या तोंडून एखादा अहिराणी शब्द निसटला की चार मुले हसतात. "खान्देशी काय?" असे विचारतात, आणि त्या विचारण्यात केवळ चौकशी नसते. मुलगा हळूहळू आईची बोली गिळायला शिकतो. हे दुःख आपल्यापैकी पुष्कळ घरांनी भोगले आहे. ज्या मातीत असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी घरोटे ओढता ओढता बोलीतच गाणी रचली, त्या मातीतल्या पोराने बोलीची लाज धरावी, यासारखे दैन्य नाही. त्याच बहिणाबाईंचे नाव २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला दिले गेले, ही गोष्ट त्या पोराला कोणी सांगत नाही.

परंतु तोच मुलगा सुटीत घरी येतो. बाजारात यावल-चोपड्याकडचा तडवी किंवा पावरा, नाहीतर साक्रीकडचा भिल्ल दिसला, की त्याच्या बोलीची नक्कल करतो आणि मित्रांना हसवतो. पुण्यात खाल्लेला मार तो सातपुड्याच्या पायथ्याशी वसूल करतो. भिल्लांना इंग्रजाने दरोडेखोर ठरविले. १८७१ च्या कायद्याने तर कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार झाल्या. पाळण्यातले मूलसुद्धा सरकारी दप्तरी चोर! तो कायदा १९५२ साली रद्द झाला. कागदावरून शब्द पुसला, पण गावात चोरी झाली की पोलीसपाटलाच्या आधी गावकऱ्यांची बोटे कोणत्या वस्तीकडे वळतात, ते ज्याने त्याने आठवावे.

चाळीसगावचा टांगा

आता एक जुनी गोष्ट सांगतो. ती आपल्याच जिल्ह्यातली आहे आणि प्रत्येक खान्देशी माणसाला ठाऊक असावी. साल १९२९. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचा तपास करण्यासाठी एक समिती नेमली होती, तिचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर सभासद होते. धुळ्याकडे सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार घातल्याच्या तक्रारीची चौकशी करून ते परत निघाले आणि चाळीसगावला उतरले. तिथल्या महार बांधवांनी रात्रीचा मुक्काम आपल्याकडे करण्याचा आग्रह धरला. वस्ती नदीपलीकडे, म्हणून टांगा बोलावला. टांगेवाला म्हणाला, या माणसाला घेऊन मी टांगा हाकणार नाही. एवढ्या मोठ्या पाहुण्याला पायी न्यायचे हे त्या गरीब लोकांना प्रशस्त वाटेना. तेव्हा तोड निघाली ती अशी की, टांगा आणि घोडा भाड्याने द्यायचा, हाकायला त्यांच्यातलाच कोणी बसेल. जो बसला त्याला हाकण्याचा सराव नव्हता. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब फरसबंदीवर फेकले गेले, घोडा टांग्यासकट खाली नदीत कोसळला. पायाचे हाड मोडले. हा सगळा प्रसंग त्यांनी स्वतः "वेटिंग फॉर अ व्हिसा" या आठवणींत लिहून ठेविला आहे.

या गोष्टीत विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला, कायदेमंडळाचा सभासद असलेला मनुष्य. आणि त्याच्यापुढे रोजच्या भाड्यावर पोट भरणारा एक टांगेवाला. तरी टांगेवाल्याला वाटले की आपण वरचे. त्याच्याजवळ शेत नव्हते, वाडा नव्हता; "आपल्या खाली कोणीतरी आहे" एवढीच त्याची इस्टेट होती आणि ती सोडायला तो तयार झाला नाही. भाड्याचे पैसे मात्र त्याने घेतले. पैसा विटाळला नाही, हाकणे विटाळले!

दुसरीही एक गोष्ट पहा. त्या दिवशी कोणी दगड मारला नाही, कोणी शिवी दिली नाही. सगळे गोडीगुलाबीने, तोड काढून झाले. आणि त्या तोडीनेच माणूस मरता मरता वाचला. "आमचे काही म्हणणे नाही हो, पण शेजारी काय म्हणतील", "मुलगी चांगली आहे, पण आमच्या आईला रंग चालत नाही", "मंदिरात या, पण स्वयंपाकघरात नको", या सगळ्या आपल्या घरातल्या तोडी आहेत. चाळीसगावच्या टांग्याचीच ही सगळी भावंडे.

१८९३ साली दक्षिण आफ्रिकेत पीटरमारित्झबर्ग स्टेशनावर काळा माणूस म्हणून गांधीजींना गाडीच्या डब्यातून उतरविले, ही गोष्ट आपण मुलांना शाळेत शिकवितो आणि गोऱ्यांचा धिक्कार करतो. तो करावाच. पण चाळीसगाव स्टेशनाबाहेरचा टांगा कोणी शिकवीत नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली "गुलामगिरी" हा ग्रंथ अमेरिकेतल्या कृष्णवर्णी गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. त्यांना तेव्हाच दिसले होते की तिथला रंग आणि इथली जात ही एकाच झाडाची फळे आहेत.

हे जुने झाले का?

कोणी म्हणेल, हे सारे जुने. आता काळ पालटला. त्यांच्यासाठी फार मागे जायला नको. २०१८ साली ज्येष्ठ महिना अधिक होता. अधिक मास म्हणजे दानधर्माचा, पुण्य जोडण्याचा महिना. त्याच महिन्यात, १० जूनला, जामनेर तालुक्यातल्या वाकडी गावी मातंग समाजाच्या अल्पवयीन मुलांना विहिरीत पोहले म्हणून नग्न करून मारले. त्याचे चित्रण सगळ्या देशाने पाहिले. जूनच्या उन्हात पोरे पाण्यात उतरली, हा अपराध! पैठणला गोदावरीच्या तापल्या वाळूत रडणारे महाराचे पोर नाथमहाराजांनी कडेवर उचलून घेतले, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो आणि डोळे पुसतो. वाळू तीच, ऊन तेच, पोरही तेच. कडेवर घेणारा हात तेवढा वाकडीला नव्हता.

आणि तीन आठवड्यांनी, १ जुलैला, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसे ठार मारली गेली. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. मुले पळविणारी टोळी आली आहे अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. अनोळखी चेहरे, भटका वेष, वेगळी बोली. एवढे पुरे झाले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने त्यांना मारले. पुढे २०२४ साली धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली.

वाचकहो, मेलेली बहुतेक माणसे सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातली होती. मंगळवेढे म्हणजे चोखोबांचे गाव. तिथेच वेशीचे काम करताना शके १२६० मध्ये भिंत कोसळून चोखोबा गेले. आणि ही माणसे नाथपंथी. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, अशी गुरुपरंपरा आपण रोज मुखाने म्हणतो. त्या नाथांचे नाव लावणारे पाचजण, चोखोबांच्या मुलखातून आपल्या मुलखात भिक्षेला आले, आणि आषाढी तीन आठवड्यांवर असताना आपल्या मुलखाने त्यांना काय घातले, ते आपण पाहिले. मारणारेही गरीब होते, मेलेलेही गरीब होते. आपल्या मुलांची भीती वाटली हे खरे असेल. भीती वाटणे हा गुन्हा नव्हे. पण तांब्याभर पाणी देऊन "कोठला शे रे भाऊ?" असे विचारायला किती वेळ लागला असता?

क्षमा कोणी सांगावी?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अशा अपमानात, स्वतःच्याच गावात परके होऊन, माणसाने कसे जगावे? आपल्या संप्रदायाचे याला एक उत्तर आहे, आणि ते आपल्या खान्देशाच्या माउलीनेच दिलेले आहे.

विठ्ठलपंत संन्यास सोडून संसारात आले म्हणून त्यांच्या मुलांना "संन्याशाची पोरे" म्हणून वाळीत टाकले. आईबापांनी प्रायश्चित्त म्हणून देह सोडला, तरी गावाचे मन निवाले नाही. एके दिवशी भिक्षेला गेले असता अपमान झाला आणि ज्ञानदेवांनी झोपडीची ताटी आतून लावून घेतली. जगाचे तोंड पाहायचे नाही असे ठरविले. तेव्हा धाकट्या बहिणीने, मुक्ताईने, बाहेर उभी राहून त्यांना आळविले: जग आगीसारखे तापले तरी संताने पाण्यासारखे व्हावे, जगाचे बोलणे उपदेश म्हणून घ्यावे, आता दार उघडावे. ताटीचे अभंग म्हणून आपण जे गातो ते हेच. पुढे शके १२१९ मध्ये, म्हणजे इ.स. १२९७ साली, तापीच्या तीरावर मेहूण येथे मुक्ताई गुप्त झाली. तिची पालखी मुक्ताईनगरहून निघून महिनाभराहून अधिक चालत पंढरीला जाते.

या अभंगांचा अर्थ आपण पुष्कळदा असा करतो की, ज्याचा अपमान झाला त्याने सोसावे, रागावू नये. आणि कोणी सावळ्या पोरीचा बाप, कोणी खोली न मिळालेला मुलगा, कोणी वस्तीवरचा म्हातारा मन मोकळे करू लागला, की आपण लगेच मुक्ताईचे नाव घेऊन सांगतो, "जाऊ द्या हो, संतांनी काय कमी सोसले?" हा उपदेश करण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? इथे घटकाभर थांबून विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

मुक्ताईला अधिकार होता. कारण जो अपमान ज्ञानदेवांचा तोच तिचाही होता. तीही संन्याशाचीच पोर. तिलाही गावाने तेच टोमणे मारले होते. एकाच आगीत होरपळलेल्या बहिणीने भावाला सांगितले की, तू थंड हो. ते प्रेम होते. आता कल्पना करा की ताटीबाहेर मुक्ताईच्या जागी अपमान करणारा गृहस्थच येऊन उभा राहिला असता आणि म्हणाला असता, "ज्ञानोबा, तुम्ही संत ना? मग सोसा. दार उघडा." तर त्या शब्दांना काय म्हणावे? शब्द तेच, पण त्यांचे अमृताचे विष झाले असते. तेव्हा क्षमा ही सोसणाऱ्याने स्वतःशी बोलावयाची, फार तर सोबत सोसणाऱ्याने त्याच्याशी बोलावयाची गोष्ट आहे. ज्याच्या हातून जखम झाली त्याने क्षमेचा उपदेश करू नये, त्याने मागावी.

आणखी एक. ज्ञानदेवांची ताटी आतून लागली होती, म्हणून ती त्यांनी उघडायची होती. आपल्या गावांतल्या ताट्या आतून लागलेल्या नाहीत. खोलीचे दार, सोयरिकीचे दार, पंक्तीचे दार, विहिरीची वाट, या सगळ्या कड्या आपल्या बाजूला आहेत. तेव्हा मुक्ताईचे अभंग गाताना आपण स्वतःला मुक्ताई समजतो, हीच चूक आहे. ते अभंग आपल्याला उद्देशून आहेत असे समजून गावेत.

दार किती वेळ वाजत होते, तेही पहा. बाबासाहेबांनी १९२० साली "मूकनायक" काढले तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकोबांची वाणी होती. १९२७ साली "बहिष्कृत भारत" काढले त्यावर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या होत्या. म्हणजे ते आपल्याच संतांची नावे घेऊन आपलेच दार वाजवीत होते. पंढरीच्या देवळाचे दार उघडले ते १९४७ साली, आणि तेही सुखासुखी नाही. अंमळनेरच्या शाळेत मुलांना शिकविलेले, धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीता-प्रवचने लिहून घेतलेले साने गुरुजी मे महिन्यात पंढरपुरी तनपुरे महाराजांच्या मठात प्राण पणाला लावून बसले, तेव्हा ते उघडले. पण पुष्कळांच्या मनाचे दार तोवर दुसरीकडे वळले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात लाखो लोकांसह बुद्धाचा धम्म घेतला. त्यांनी पाठ फिरविली असे कोणी म्हणू नये. किती दिवस उंबऱ्यावर उभे राहावे, यालाही मर्यादा असते.

दोन शंका

पहिली शंका अशी की, ज्याचे त्याचे पूर्वकर्म; त्याला आपण काय करणार? यावर आमचे म्हणणे एवढेच की, कर्माचे फळ देणारा देव समर्थ आहे. त्याने आपल्याला कोतवाल नेमल्याचा दाखला कुठे आहे? दुसऱ्याचे दुःख हे त्याच्या कर्माचे फळ असेल, तर ते पाहून आपल्या मनात दया उपजते की तुच्छता, हे आपले कर्म आहे आणि त्याचा हिशोब आपल्या नावावर आहे. तुकोबारायांनी भेद मानणे अशुभ ठरविले ते कोणाचे पूर्वकर्म पाहून नव्हे.

दुसरी शंका, सोसणाऱ्याने मुळीच बोलू नये काय? संतांनी मौनाचा असा दंडक घालून दिलेला नाही. चोखोबांनी सोसले, पण गप्प राहून नाही. त्यांची, सोयराबाईंची गाऱ्हाणी अभंगांत आहेत. त्यांचा मुलगा कर्ममेळा याने तर, आम्हांला हीन जन्माला घालून तू काय साधलेस, अशा अर्थाने देवालाच जाब विचारला. ते अभंग संप्रदायाने जपले, पुसून टाकले नाहीत. ज्या देवाला जाब विचारलेला चालतो, त्याच्या भक्तांना विचारला तर राग का यावा? म्हणून ज्याचा अपमान झाला तो बोलला, रागावला, कोर्टात गेला, तर त्याची भक्ती उणी झाली असे आम्ही समजत नाही. मनातले विष त्याने मनात ठेवू नये, स्वतःला हीन मानू नये आणि आपल्याहून दुबळ्यावर ते ओतू नये, एवढे त्याने सांभाळले तर तो चोखोबांच्याच वाटेवर आहे.

नेम

हा रोग मतांचा असता तर एका कीर्तनाने बरा झाला असता. "सगळे समान" हे मत कोणाला अमान्य आहे? रोग सवयीचा आहे. तो जिभेच्या टोकावर, हाताच्या बोटांत, नजरेत बसलेला आहे. आणि सवयीला औषध नेमाचे. आपण वारकरी नेमाचे लोक. तुळशीची माळ गळ्यात पडली की मांस-मद्य सुटते; कोणी त्यावर वाद घालीत नाही, खायचे नाही म्हणजे नाही. तसाच हाही नेम धरावा. भाड्याने खोली मागणाऱ्याला जात काढण्यासाठी आडनाव विचारायचे नाही. घरात, सोयरिकीत, पोरांच्या देखत कोणाच्या रंगाविषयी शब्द काढायचा नाही, आणि दुसऱ्याने काढला तर हसायचे नाही. दिंडीत आणि गावच्या सप्ताहात पंगत एकच बसवायची. वाढपी कोण आहे ते पाहायचे नाही. कोणाच्या बोलीची नक्कल करायची नाही. दारात अनोळखी माणूस आला तर आधी पाणी, मग विचारपूस. आणि मोबाईलवर आलेली भीती पडताळल्याशिवाय पुढे ढकलायची नाही.

हे अवघड आहे, हे आम्ही जाणतो. शेजारी नावे ठेवतील. घरातली वडीलधारी माणसे रुसतील. सून सावळी आणली तर चार बाया कुजबुजतील. पण एकादशीच्या दिवशी पोटात भूक असतेच ना? ती आहे म्हणून आपण उपास मोडत नाही. मनात जुनी खोड उठेल तेव्हा तिला भुकेसारखी उठू द्यावी आणि नेम सांभाळावा. बारा महिने सांभाळला म्हणजे ती मंद होईल.

पुढच्या आषाढीला पालखीबरोबर निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्याच आळीत एकदा फिरून यावे. ज्या घरी आपण कधी पाणी प्यालो नाही असे एक घर तरी सापडेलच. तिथे जावे, ओसरीवर बसावे, पाणी मागावे. त्यांनी दिले तर उपकार मानावेत. नाही दिले, तर का दिले नाही हे समजून घेऊन पुन्हा जावे. कडी आपल्याकडून लागली होती, तेव्हा पहिले पाऊलही आपणच टाकायचे.

रामकृष्णहरी.